हवा घेतेय! उघडझाप दिव्यांच्या मोटारी आणि विहिरीवरचा पंप

एप्रिल उजाडला की मराठवाड्यातल्या अंबड तालुक्यात विहिरींचं पाणी भराभर खाली जातं. मोसंबीची बाग जगवायची म्हणून मोटर चालू करावी, तर पाइपातून आधी फेस येतो, मग थुंकल्यासारखं थोडं पाणी आणि शेवटी नुसती घरघर. बांधावर उभा असलेला कुणीही सांगतो, ‘हवा घेतेय.’ मग शोध सुरू होतो. तळाचा फुटबॉल, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, कचऱ्यानं उघडा राहिलाय का, सक्शनच्या फ्लँजमधलं पॅकिंग गेलंय का, ग्लँड सैल झालीय का. ज्या जोडाची शंका येते त्यावर ओलं शेण नाहीतर चिकणमाती थापायची. पाणी धरलं, की चोर सापडला.

साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या स्पोर्ट्स कारचे पुढचे दिवे वर यायला कुरकुर करत असतील, किंवा एक डोळा उघडा आणि दुसरा अर्धवट मिटलेला राहत असेल, तर तिच्या मेकॅनिकलाही नेमकं हेच करावं लागतं. अशी गाडी अंबडच्या रस्त्यावर दिसण्याची शक्यता जवळजवळ शून्य. आयातीवरच्या जुन्या निर्बंधांमुळे ती मुंबईत दिसणंसुद्धा दुर्मीळ. पण तिच्या दिव्यांमागची युक्ती अंबडच्या प्रत्येक बोलेरोच्या बॉनेटखाली रोज राबते आहे, म्हणून हा खटाटोप.

ही गाडी म्हणजे १९६२ साली इंग्लंडच्या लोटस कंपनीनं आणलेली एलान. वजनाला हलकी, फायबरग्लासची बॉडी आणि मधोमध पोलादी कण्यासारखी चासी. तिचा आराखडा रॉन हिकमन यांचा. घराघरांतल्या सुतारकामासाठी घडी घालता येणारं ‘वर्कमेट’ हे टेबलही याच गृहस्थांनी शोधलं. गाडीचं नाक हवा कापत जावं म्हणून खाली झुकवलेलं होतं. पण पुढचे दिवे जमिनीपासून किती उंच हवेत याचे कायदे होते. अमेरिकेत ही किमान उंची २४ इंच होती. शिवाय १९४० पासून १९८३ पर्यंत तिथं ठरावीक मापांचेच सीलबंद दिवे चालत, त्यामुळे नाकाच्या आकाराला साजेसा दिवा बनवायची सोय नव्हती. कायदा पाळायचा आणि नाकही झुकतं ठेवायचं, तर उपाय एकच उरला. दिवसा दिवे पोटात घ्यायचे आणि रात्री वर काढायचे.

कल्पना त्याहून जुनी होती. १९३५ च्या अखेरीस अमेरिकेत लोकांसमोर आलेल्या कॉर्ड ८१० या गाडीत चालकाला डॅशबोर्डवरचा दांडा हातानं फिरवून दिवे बाहेर काढावे लागत, आणि तेही दोन दिव्यांना दोन दांडे. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटनं १९६३ साली विजेच्या मोटरी बसवल्या. पण त्या काळच्या छोट्या मोटरी महाग आणि जड. लोटसनं विचार केला, की इंजिन चालू असताना आयतीच एक ताकद वाया जाते आहे, तीच वापरू. १९६८ पासून कॉर्व्हेटही त्याच वाटेनं गेली. त्या गाडीत तर पुढच्या काचेचे वायपरसुद्धा एका झाकणाखाली लपवले होते, आणि ते झाकणही याच ताकदीवर उघडत असे.

ही ताकद म्हणजे व्हॅक्यूम, निर्वात पोकळी. इथं एक गैरसमज आधी काढून टाकायला हवा. पोकळी काहीही ओढत नाही. ढकलते ती बाहेरची हवा. विहिरीवरचा पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो खरं, पण तो फक्त पाइपातली हवा काढून टाकतो. विहिरीतल्या पाण्यावर पडलेला हवेचा भार ते पाणी पाइपात चढवतो. म्हणून तर पंप कितीही हॉर्सपॉवरचा असो, दहा मीटरच्या वर सक्शनच चालत नाही. अंबड समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा थोडी हलकी आणि ही मर्यादा हिशेबानं पावणेदहा मीटरच्या आसपास येते. पाइपातलं घर्षण आणि गळती धरली तर व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात. पाणी खाली गेलं की शेतकरी मोटर विहिरीत खाली उतरवतो ते याचसाठी.

आता पेट्रोलच्या इंजिनाकडे वळू. पिस्टन खाली जाताना सिलिंडरमध्ये हवा ओढू पाहतो, पण कार्बोरेटरमधली थ्रॉटलची चकती जवळपास बंद असते. आत यायला हवेला वाट नाही, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. मेकॅनिक ती पाऱ्याच्या इंचांत मोजतात. समुद्रकाठी धडधाकट इंजिन रिकामं चालत असताना १७ ते २२ इंच दाखवतं. उंचीबरोबर दर हजार फुटांमागे साधारण एक इंच कमी होतो. तेव्हा अंबडच्या गॅरेजात तेच इंजिन १६-१७ इंच दाखवू लागलं तर त्यात काही दोष नाही. पुस्तकातला आकडा मुंबईच्या समुद्राकाठचा असतो आणि इंजिन मराठवाड्याच्या पठारावर असतं. मीटर बघून इंजिन खोलायला निघालेल्यानं एवढं लक्षात ठेवावं.

सतरा इंच म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.६ किलोचा भार. ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण दहा सेंटीमीटर व्यासाच्या रबरी पडद्याच्या एका बाजूला पोकळी आणि दुसऱ्या बाजूला मोकळी हवा असेल, तर त्या पडद्यावर ४५ किलोच्या आसपास जोर पडतो. एक दिवा वर उचलायला तो पुरून उरतो. हा पडदा पत्र्याच्या डबीत बसवलेला असतो आणि त्याला जोडलेला दांडा दिव्याची चौकट फिरवतो. दिव्यांच्या यंत्रणेत हात घालण्याआधी हा आकडा आठवावा, कारण बोटं चौकटीत असताना कुणी स्विच दाबला तर तो जोर बोटांवर येतो.

मॅनिफोल्डपासून निघालेली नळी आधी एका एकतर्फी व्हॉल्व्हमधून जाते, मग एका टाकीत आणि तिथून दिव्यांकडे. एकतर्फी व्हॉल्व्हचं काम विहिरीतल्या फुटबॉलचंच आहे. चालकानं ॲक्सिलरेटर दाबून थ्रॉटल पूर्ण उघडला, की मॅनिफोल्डमधली पोकळी क्षणात नाहीशी होते. तेव्हा टाकीतली जमवलेली पोकळी परत इंजिनाकडे निघून जाऊ नये, म्हणून तो मिटतो. टाकी भरलेली असेल तर इंजिन बंद केल्यावरही दिवे काही वेळा वर-खाली करता येतात. एलानमध्ये लोटसनं इथंही काटकसर केली. वेगळी टाकी न बसवता चासीच्या पुढच्या आडव्या पोकळ भागालाच टाकी बनवलं. कागदावर ही युक्ती झकास आहे. पण काही पावसाळे गेल्यावर चासी आतून गंजते, बारीक भोकं पडतात आणि दिवे जागेवर धरत नाहीत. आजही जुन्या एलानचे दिवे धरत नसतील तर जाणता माणूस नळ्या बदलण्याआधी चासीचा तो भाग ठोकून बघतो. दिव्यांचा हा आजार बऱ्याचदा कण्याच्या आजाराची पहिली खूण असतो.

कॉर्व्हेटची रचना अधिक गुंतागुंतीची आहे. तिथं डॅशबोर्डवरच्या लाइटच्या स्विचलाच हवेची छोटी झडप जोडलेली आहे. तो स्विच ओढला की बारीक नळीतून इशारा जातो, पुढे एक मोठी रिले झडप फिरते आणि ती पडद्याच्या हव्या त्या बाजूला पोकळी पोचवते. प्रत्येक दिव्याच्या डबीला दोन नळ्या असतात. एक उघडण्याची आणि एक मिटण्याची. म्हणजे गळायला जागा दुप्पट.

बिघाड शोधताना बहुतेक जण पहिली चूक करतात ती दिव्यापासून सुरुवात करण्याची. सुरुवात इंजिनापासून करावी. मॅनिफोल्डला जाणारी दिव्यांची नळी काढून ते तोंड बोटानं किंवा बुचानं बंद करायचं आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा. रेस वर-खाली होत होती ती एकदम स्थिर झाली, तर दिव्यांच्या बाजूनं हवा आत शिरते आहे हे नक्की. कारण गळतीतून आलेली हवा कार्बोरेटरला चुकवून सिलिंडरमध्ये जाते आणि मिश्रण पातळ होतं. दिव्यांच्या गळतीमुळे इंजिन अडखळतं, आणि मालक बिचारा प्लग, पॉइंट, कार्बोरेटर बदलत बसतो. रेस मात्र जशी होती तशीच राहिली, तर मीटर लावून इंजिनाची पोकळीच तपासायला हवी. इंजिनच कमी पोकळी देत असेल तर दिव्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

त्यानंतर तक्रारीचा स्वभाव बघायचा. इंजिन चालू असताना दोन्ही दिवे बरे चालतात, पण जोरात गाडी पळवताना झुकतात किंवा इंजिन बंद केल्यावर अजिबात उठत नाहीत, तर संशय एकतर्फी व्हॉल्व्हवर किंवा टाकीवर. व्हॉल्व्ह काढून तोंडानं फुंकला तरी कळतं. एका बाजूनं हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूनं जाता कामा नये. एकच दिवा आळशी असेल, तर दोन्ही बाजूंच्या नळ्या अदलाबदल करून बघाव्यात. आळस नळीबरोबर पलीकडे गेला तर दोष नळीत किंवा मागच्या झडपेत आहे, आणि दिव्याजवळच राहिला तर डबीत किंवा सांध्यात आहे. मग डबीचा दांडा सोडवून दिव्याची चौकट हातानं वर-खाली करायची. अनेकदा पोकळी पुरेशी असते, पण चाळीस-पन्नास वर्षांत सांधे इतके गंजलेले असतात की हातालासुद्धा जड लागतात. अशा वेळी नवा पडदा बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

डबीच खराब असेल, तर बहुधा पडदा फाटलेला नसतो. दांडा जिथून बाहेर येतो तिथलं रबरी सील झिजलेलं असतं. खूण अशी, की दिवा एका दिशेनं झटकन जातो आणि दुसऱ्या दिशेनं रेंगाळतो, कारण सील डबीच्या एकाच कप्प्याला बंद ठेवत असतं.

गळतीची नेमकी जागा शोधायला व्हॅक्यूमचा हातपंप सगळ्यात कामाचा. त्याला मीटर असतं. पंप मारून १५ इंचापर्यंत पोकळी करायची आणि काटा बघत राहायचं. काटा टिकला तर तो भाग निर्दोष. घसरला तर नळी मध्येच चिमट्यानं दाबून अर्धा भाग वेगळा काढायचा आणि पुन्हा बघायचं. असं अर्धं-अर्धं करत गेलं, की सगळी गाडी न खोलता चोर हाती लागतो.

सायकलचं पंक्चर शोधताना आपण ट्यूब पाण्यात बुडवतो, गॅस सिलिंडरच्या जोडावर साबणाचा फेस लावतो. इथं ते चालत नाही. इथं हवा बाहेर येत नाही, आत जाते, त्यामुळे बुडबुडा यायचाच नाही. उलट, जोडावर ग्रीसचं बोट फिरवावं. ग्रीस आत ओढलं गेलं आणि सूं-सूं आवाज थांबला, की जागा सापडली. शेण थापण्याचंच हे गॅरेजातलं रूप. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर फवारून आवाज बदलतो का ते बघण्याची सवय काही मेकॅनिकांना असते. त्यानं गळती सापडते आणि कधी कधी आगही लागते.

टायरवाल्याच्या कंप्रेसरची हवा या नळ्यांत मारून ‘साफ’ करण्याचा मोह तर अजिबात नको. पोकळीनं पडद्यावर येणारा जास्तीत जास्त भार एका वातावरणाएवढा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलोच्या आसपास. पडदे तेवढ्यासाठीच बनवलेले असतात. कंप्रेसरची हवा सात-आठ किलोची असते. एका फटक्यात दोन्ही डब्या फाटतात आणि आधी नसलेला बिघाड विकत मिळतो.

या सगळ्या यंत्रणेचा खरा कस लागतो तो ती बिघडल्यावर. हवा शिरली तर दिवा कुठं जातो, उघडतो की मिटतो? सुरुवातीच्या एलानमध्ये पोकळी दिवे वर उचलत असे आणि स्प्रिंग त्यांना खाली आणत असे. गाडी उभी राहिली की काही वेळानं दिवे आपोआप पेंगुळत. घरासमोर ते गमतीचं दिसतं. पण रात्री आडरस्त्यावर वेगात असताना नळी सुटली, तर पुढे काळोख. म्हणून नंतरच्या एलानमध्ये रचना उलटी केली. स्प्रिंग दिवे वर ढकलते आणि पोकळी त्यांना खाली धरून ठेवते. पोकळी गेली की दिवे उघडतात. दिवसभर उभ्या असलेल्या अशा गाडीचे डोळे संध्याकाळपर्यंत हळूहळू उघडलेले दिसतात, आणि नवख्या मालकाला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं असतंच थोडंसं, पण योग्य दिशेनं. अमेरिकेनं तर १९६९ पासून नियमच केला, की उघडलेले दिवे ताकद गेली तरी उघडेच राहिले पाहिजेत. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत हुशारी इथंच आहे. पोकळीनं दिवा उचलणं फारसं अवघड नव्हतं. पोकळी गेल्यावर काय व्हावं हे आधी ठरवणं अवघड होतं.

रेल्वेनं ते फार पूर्वी ठरवलं होतं. अंबडला रेल्वे नाही, पण जालन्याला निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज आली. सिकंदराबाद ते मनमाड. त्या काळच्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. इंजिनावरच्या वाफेच्या इजेक्टरनं सबंध गाडीभर फिरणाऱ्या पाइपातली हवा काढली जाई, साधारण ५० सेंटीमीटर पाऱ्याइतकी. पोकळी टिकली तोवर ब्रेक सैल. पाइपात हवा शिरली, की डब्याखालच्या सिलिंडरातला पिस्टन वर ढकलला जाई आणि ब्रेक लागत. डबे मधून तुटले, तर पाइप उघडा पडून दोन्ही तुकडे आपोआप थांबत. डब्यातली साखळी ओढली की गाडी का थांबे, याचं उत्तरही हेच. साखळी पाइपावरची छोटी झडप उघडून हवा आत सोडत असे. म्हणजे गळती हाच ब्रेकचा इशारा. पुढे मालगाड्या लांब आणि जड झाल्या आणि एका वातावरणाएवढा जोर पुरेनासा झाला, तेव्हा दाबाच्या हवेचे ब्रेक आले. जालन्याची ही मीटरगेज १९९० च्या दशकात रुंद झाली.

महामार्गावर याच पोकळीची करामत विलीज जीपनं दाखवली. महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली. त्या काळच्या जीपचे वायपर मॅनिफोल्डच्या पोकळीवर चालत. सपाट रस्त्यावर ते ऐटीत फिरत. पण भर पावसात घाट चढताना ॲक्सिलरेटर खोल दाबला की पोकळी संपे आणि वायपर नेमक्या गरजेच्या वेळी काचेवर थबकत. चालक क्षणभर पाय उचलत आणि वायपर एक फेरी मारत. बिघाड कुठल्या दिशेला व्हावा याचा विचार न केलेलं हे यंत्र.

आज अंबड–जालना रस्त्यावर धावणाऱ्या डिझेल जीप आणि पिकअपमध्ये पोकळीचं काम मुख्यतः ब्रेकच्या बूस्टरवर येऊन थांबलं आहे. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी थ्रॉटलची अडवणूक नसते, हवा मोकळी येते, त्यामुळे कामाची पोकळी आपोआप मिळत नाही. म्हणून वेगळा पंप लागतो. कित्येक गाड्यांत तो डायनमोच्या मागेच बसवलेला असतो आणि त्याला इंजिनाचं ऑइल पाजणारी बारीक नळी जोडलेली असते. ती नळी तुंबली की पंपाच्या पात्या झिजतात, पोकळी कमी होते आणि पेडल दगडासारखं लागतं. आठ इंची बूस्टरच्या पडद्यावर पावणेदोनशे किलोहून जास्त जोर येतो. तो गेला तर ब्रेक नाहीसा होत नाही, पायाची ताकद मात्र कैकपट लागते. हा बिघाडही बऱ्या बाजूचाच, पण उतारावर पाय कमी पडला तर ते बरेपण कामाचं नाही.

त्याची तपासणी कुणालाही करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, म्हणजे साठलेली पोकळी संपते. मग पेडल दाबूनच धरायचं आणि इंजिन चालू करायचं. पेडल पायाखाली थोडं बसलं तर बूस्टर ठीक. हाललंच नाही तर पंप, नळी, एकतर्फी व्हॉल्व्ह की पडदा, हे दिव्यांच्याच क्रमानं शोधायचं. ब्रेक ऑइल कमी होतंय पण जमिनीवर एकही थेंब दिसत नाही, असं असेल तर बूस्टर खोलून बघावा. मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून ते ऑइल बूस्टरमध्ये जाऊन रबर फुगवतं.

उघडझाप दिव्यांचा काळ २००४ साली संपला. कॉर्व्हेट आणि लोटसची एस्प्री या दोघी शेवटच्या, तेव्हा दोघींचे दिवे विजेवर चालत होते. पादचाऱ्याला धडक बसल्यास कमी इजा व्हावी म्हणून आलेले युरोपातले नियम आणि कुठल्याही आकारात बसणारे नवे दिवे, या दोहोंपुढे त्यांचं काम उरलं नाही. व्हॅक्यूमचं मात्र उरलं आहे. विजेच्या गाडीला इंजिनच नाही, म्हणून अनेक कंपन्यांनी ब्रेकच्या बूस्टरसाठी विजेवर चालणारा छोटा व्हॅक्यूम पंप बसवला, तर काहींनी बूस्टरच विजेचा केला. पंपवाली गाडी असेल तर सिग्नलला उभं असताना ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडावा. बॉनेटखाली बारीक घुर्र ऐकू येईल आणि काही सेकंदांत थांबेल. ब्रेकला पाय न लावताही ती घुर्र थोड्या थोड्या वेळानं पुन्हा येऊ लागली, तर कुठून तरी हवा घेतेय.